कमळाकरचं नाक

अंगणात पाय ठेवताच सरूचा हात आपसूक पदराकडे गेला. लेकीचं बाळंतपण उरकून ती सव्वा महिन्यानं पेणहून परतत होती, आणि परसातल्या लिंबांच्या बागेतून नेमका तोच वास येत होता, जो तिनं दवाखान्यात चार दिवस नाकाला पदर लावून सोसला होता. लिंबाच्या वासाचं फिनेल. तिथे निदान त्यानं फरशी पुसत होते.

ती आधी बागेत फिरून आली. पानांच्या कडा जळाल्या होत्या. फळांवरचे खैऱ्या रोगाचे खरबरीत डाग जिथल्या तिथे होते, उलट वाढले होते. गेल्या वर्षी गवती चहाच्या तेलानं हीच झाडं वाचली होती.

ओट्यावर कमळाकर खुशीत बसला होता. "तिसरी फवारणी झाली गो! प्रणितनं आणून दिलंय तेल. पाण्यात टाकलं की कसं दुधासारखं होतंय, गेल्या वर्षीसारखंच. वास आला ना?"

"आला," सरू म्हणाली.

प्रणित, दिराचा थोरला मुलगा, बाटल्यांचा खोका मांडून शेजारीच बसला होता. समोर हैबतराव आणि आळीतले दोघे बागवाले, बाटल्या विकत न्यायला पिशव्या घेऊन.

"आमचं काय, कमळाकरच्या नाकानं चोख म्हटलं की डोळे मिटून घ्यायचं," हैबतराव म्हणाले.

त्या नाकाचा गावात मोठा दबदबा. धाटावला केमिकल कंपनीत चोवीस वर्षं काढलेला माणूस. खत असो, औषध असो, घरचं तूप असो, लोक आणून द्यायचे आणि कमळाकर हुंगून निकाल द्यायचा. पण ते नाक मरून नऊ वर्षं झाली होती. करपलेलं दूधही त्याला कळत नसे. तो नुसता बाटली नाकाशी धरायचा आणि दारातल्या सरूकडे बघायचा. तिनं मान हलवली की म्हणायचा, "चोख हाय!" हे घरातल्या चार माणसांनाच ठाऊक होतं. त्यातला एक प्रणित.

आणि त्यानं महिना निवडला तो नेमका सरू घरात नसतानाचा. खाल्ल्या घरचे वासे मोजणारे तिनं पाहिले होते. हा तर आंधळ्याच्या हातातली काठी विकून खाणारा निघाला. तिला फिनेलापेक्षा त्याच्या गोड हसण्याची शिसारी आली.

तोंडावर थुंकावं, तर नवऱ्याची झाकली मूठ चारचौघांत उघडी पडणार. ती मुकाट्यानं चुलीकडे गेली आणि चहाचे कप भरून घेऊन आली. पहिला प्रणितपुढे धरला.

"घे रे. गवती चहा सगळा सुकलाय दारचा. म्हटलं, तुझ्याच बाटलीतले दोन थेंब टाकावे. चोख तेल हाय ना?"

प्रणितनं कप घेतला आणि खाली ठेवला. "काकी, मी चहा सोडलाय."

"कधी?" कमळाकर म्हणाला. "काल तर दोन कप प्यायलास इथंच."

सरूनं तोच कप उचलला, बशीत ओतला आणि सगळ्यांदेखत शेवटच्या घोटापर्यंत पिऊन टाकला.

"बांधावरची पात हाय रे. आत्ताच खुडली."

प्रणितची नजर खोक्यावर खिळली. कमळाकरनं सवयीनं सरूकडे पाहिलं. तिनं मान हलवली, पण या वेळी आडवी.

कमळाकरनं एकदा बागेकडे पाहिलं. मग त्यानं खोक्यातली एक बाटली काढली, बूच उघडलं आणि नाकाशी न नेता ती हैबतरावांपुढे धरली.

"मला वास येत नाय, हैबतराव. नऊ वर्षं झाली," तो म्हणाला. "तुम्हीच हुंगा आणि मला सांगा, मी माझ्या झाडांवर काय मारलंय."