बाबुलालचा दम

बाबुलालचा हात लाइनीपासून वीतभर राहिला आन त्याचं "कबड्डी, कबड्डी" थांबलं. दम सुटला.

सरपंच भैय्याजीनं शिट्टी फुकली. शेतकऱ्यायची बाजू जिंकली.

ढिवरपुऱ्यातले मासे धरनारे लोक पाहातच राहिले. भंडाऱ्याच्या कॉलेजचा बाबुलाल. पेपरात फोटो आलेला. नागपूरवाल्यायले कधी सापडला नाई, तो आपल्याच गावात बाद!

"बोलाव आता तुह्या पेपरवाल्यायले!" मारोतराव शेतकरी वरडला.

त्या साली हस्त कोरडा गेला. लाखांदूरकडं सारा धान पोटरीत वाळून राहिला होता. तलावात पाणी होतं, पन तलाव ठेक्यानं ढिवरायचा. पाणी सोडलं का बारके मासे मेले. दोनीकडून काठ्या निघाल्या, तवा बाबुलालच मंधात पडला. "काठ्या कायले? कबड्डी खेळा. जिंकन त्याचं पाणी." ढिवर हासतच हो म्हनले. शेतकऱ्यायले दुसरा इलाज नवता.

"कॉलेजात चहा पिऊन पिऊन छाती सडली तुही," ढिवरायचा मंगरूकाका खेकसला. बाबुलालची माय रेवताबाई उठली. रिकामं टोपलं उचलून घरी गेली. त्याच टोपल्यात ती रोज मासे ने आन बदल्यात घरोघरचा धान घेऊन वापस ये.

सकाळी शेतकरी तुडूम उघडाले आले. पाटात पाणी सोडाचं ते तोंड, पार तलावाच्या तळाशी. लाकडाचं बुच फुगून गच्च बसलं होतं. दोघं बुडी मारून हात हालवत वर आले.

"मी पाहतो," बाबुलाल म्हनला.

तो पाण्यात गेला तसे तलावाच्या पाळीवरचे पोट्टे चिडवाले लागले, "कबड्डी, कबड्डी, कबड्डी..." एकाचा दम सुटला. मंग दुसऱ्याचा. मंग सारेच चूप. पाणी हालत नवतं. पाळीवर बसलेली रेवताबाई उठून उभी झाली.

मंग पाटात धो धो पाणी आलं. त्याच्याबी नंतर बाबुलाल वर आला.

कोनी टाळी वाजवली नाई. भैय्याजीनं गळ्यातली शिट्टी काढून खिशात टाकली.

रेवताबाईनं पदरानं पोराचं डोक्सं पुसलं. हळूच म्हनली, "काल लाइनीपाशी दम कायले सोडला रे?"

"धान मेला असता, तं तुह्या टोपल्यात कोनं काय टाकलं असतं, माय?"