सौरपापड

बार्शीच्या एका गच्चीवर बचतगटाच्या बायका सौरपापड लाटत होत्या. सरकारी प्रयोगशाळेत शोधलेलं हे काळं पीठ पातळ लाटून वाळवलं, की उन्हात वीज देई.

"ही कृती आता आमच्या कंपनीने सरकारकडून विकत घेतली आहे. काम बंद करा," गच्चीवर आलेला एका कंपनीचा अधिकारी म्हणाला.

"शोध आमच्या कराच्या पैशातून लागला आणि मालक तुम्ही? नाही बंद करत, जा!" गटातल्या शेवंताबाई म्हणाल्या.

त्याने नोटीस छापायचं यंत्र काढलं. बॅटरी संपली होती.

शेवंताबाईंनी वाळलेल्या पापडाची वायर यंत्राला जोडून दिली. "हं, छापा किती छापायच्या त्या."

नोटीस बाहेर आली. पापड एकमेकांना चिकटू नयेत म्हणून त्यांनी ती दोन पापडांच्या मध्ये घातली आणि पुन्हा लाटणं उचललं.