एका शब्दावर

पक्षाघातानंतर रमाबाईंच्या तोंडी एकच शब्द उरला होता, "अहो." दिवा हवा असो, पंखा हवा असो, हाक तीच. दोन वर्षं उठबस करून हेमचंद्र वकील पार थकले होते. त्यांनी तीन कंपन्यांची स्मार्ट यंत्रं आणली, पण प्रत्येकाचं ॲप वेगळं आणि हुकूमही वेगळा. शेवटी अकोल्याहून आलेल्या पुतणीने, चंदाने, चार दिवस खपून ती तिन्ही एकमेकांशी जोडली.

"काका, आता काकूनं 'अहो' म्हटलं का लाइट लागते. मंग पंखा, मंग पडदा. तुमाले उठाचं काम नाई."

ती गेल्यावर हेमचंद्र बाहेरच्या खोलीत आडवे झाले. डोळा लागतो न लागतो तोच आतून हाक आली. दिवा लागला. पुन्हा हाक आली, पंखा फिरू लागला. तिसऱ्या हाकेला पडदाही सरकला. चौथ्या हाकेला मात्र ते वैतागून आत गेले.

"सगळं तर झालं, रमा! आता आणखी काय पाहिजे?"

रमाबाईंनी चांगल्या हाताने पलंगावरची शेजारची जागा थोपटली.