कॅप्टनचा पट्टा

"सन सात हजार दोनशे चार!" भैरवीनं आवाज चढवून सांगितलं आणि नकाशावरचं प्लास्टिकचं यान बोटानं पुढं सरकवलं. "पृथ्वी कवाच मागं राहिली. यानात चार हजार माणसं झोपल्यात, आणि खालची मैल्याची टाकी तुंबलीय."

"ए भैरवी, खाताना तरी नको की ग!" विजयसिंहानं भडंगाची ताटली लांब सारली.

शिवाजी पेठेत वरदच्या दुकानाच्या माडीवर दर रविवारी दुपारी हा खेळ चाले. चौघं कॉलेजपासूनचे सोबती. तिघांनी अंतराळवीर व्हायचं, भैरवीनं गोष्ट चालवायची. कुणाला काही धाडस करायचं असलं की त्याच्यापुढं ती वीस बाजूंचा फासा ठेवायची. पडेल त्या आकड्यावर त्याचं नशीब. कॅप्टन कोण ते चिठ्ठी टाकून ठरायचं, आणि त्याच्या दंडावर फुटबॉलच्या कॅप्टनचा पिवळा पट्टा चढायचा. वरद पेठेतल्या तालमीच्या फुटबॉल संघातून खेळायचा तेव्हाचा तो. नऊ रविवार त्यांच्यातल्या गुंडूच्या नावाची चिठ्ठी काही निघाली नव्हती. आज निघाली. गड्यानं पट्टा दोनदा काढून पुन्हा नीट बसवला आणि माडीवरची एकुलती एक खुर्ची ओढून तिच्यावर असा ताठ बसला, की भैरवीला बघून बरं वाटलं.

तिला आज घाण रंगवून सांगायची हौस आली होती. तीनशे वर्षांचा साका, त्यावर फुटणारे बुडबुडे, नाकात जाऊन बसणारा वास. ती सांगत गेली आणि तिघं नाकं दाबून हसत गेले.

"पंपाच्या तोंडाशी बोळा अडकलाय," ती म्हणाली. "कुणीतरी आत उतरून हातानं काढला पाहिजे. तासाभरात निघाला न्हाय तर विषारी वायू वर चढणार, आणि झोपल्यात ती झोपेतच जाणार."

असं म्हणता म्हणता तिच्या हातानं फासा उचलला आणि गुंडूपुढं ठेवला.

कुणी त्याचं नाव सुचवलं नव्हतं. काल तिनं स्वतःच वहीत लिहून ठेवलं होतं, टाकीत इंजिनिअर उतरतो. आणि यानाचा इंजिनिअर होता वरद. हात मात्र गुंडूकडं गेला. गुंडूचे वडील ड्रेनेजच्या कामावर होते, तेहतीस वर्षं मॅनहोलात उतरून गेल्या साली रिटायर झाले, हे त्या मेल्या हाताला बरोबर ठाऊक होतं. गुंडू एम.एस्सी. झालाय, क्लासमध्ये फिजिक्स शिकवतो, हे नव्हतं.

गुंडूनं फाशाकडं बघितलं, मग भैरवीकडं. "कॅप्टन हाय न्हवं मी?"

"मग काय झालं?" वरद म्हणाला. "कॅप्टननं पुढं व्हावं की. आणि तुला सवय असंल."

"घरचीच विद्या हाय, लेका!" विजयसिंह फिदीफिदी हसला.

चुकलं, फासा वरदचा. एवढंच म्हणायचं होतं भैरवीला. पण चुकलं म्हटलं तर कसं चुकलं तेही सांगावं लागलं असतं, आणि तिथंच बाई अडली. गोष्ट चालवणारी ती! मनात आणलं असतं तर एका वाक्यात अख्खी टाकी नाहीशी केली असती. तिनं फासा तिथंच राहू दिला.

गुंडूनं फासा टाकला. वीस. त्याच्यावर आकडाच नाही.

"आयला, एक नंबर!" दोघं ओरडले. बोळा निघाला, चार हजार माणसं वाचली. गुंडूच्याही ओठांवर जरासं हसू आलं आणि त्यानं भडंगाकडं हात नेला. वरदनं झटक्यात ताटली आपल्याकडं ओढली.

"ए, आधी हात धुऊन ये! टाकीतनं आलायस!"

विजयसिंह मांड्या थोपटून हसला. भैरवीही हसली. हसू तोंडातून सुटून गेलं आणि मग तिचं तिला कळलं. शी! कसली माणसं ही, आणि त्यांत आपणसुद्धा. इतका वेळ टाकीची घाण सांगताना तिला काही झालं नव्हतं. आता समोरचं भडंगही बघवेना.

गुंडू उठला. कोपऱ्यातल्या मोरीत जाऊन त्यानं नळ सोडला. पाणी बराच वेळ वाहत राहिलं.

"गेम हाय की," वरद हळूच म्हणाला. "एवढं काय मनाला लावून घ्यायचं?"

"गप बस," भैरवी म्हणाली. "इंजिनिअर तू हायस."

"व्हय? मग फासा त्याच्यापुढं कुणी ठेवला?"

भैरवीनं आपला उजवा हात मांडीखाली घेतला.

नळ बंद झाला. गुंडू परत आला तेव्हा त्याचा दंड मोकळा होता. ओला, पिळलेला पट्टा त्यानं नकाशावर यानाच्या शेजारी ठेवला.

"साबण लावून धुतलाय," तो म्हणाला. "आता कुणीबी घाला."

तो जिना उतरून गेला. पट्ट्याचं पाणी नकाशावर पसरत यानाखाली शिरलं, कागद फुगला, शाई उतरायला लागली. तिघंही बघत बसली. पट्टा उचलायला कुणाचाच हात पुढं होईना.