देरमांवरून सुचलेली कविता

पोह्यांची बशी हातात आली, तरी गहिनीनाथचा दुसरा हात खिशावरनं हटेना. खिशात कविता होती. मुलगी बघायला आलेला पोरगा खिशात कविता घेऊन आला, असं सिरसाळ्यात कधी कुणी ऐकलं नव्हतं. पण सुंदररावांच्या तेजश्रीची अटच तशी. मध्यस्थानं निरोप आणला होता, की देरमां म्हणून एक जुना फ्रेंच कवी आहे, लई मोठा, त्याच्यावरनं म्हणे निम्मं जग लिहायला शिकलं. त्याला वाचून सुचलेली एक कविता मुलानं आणावी, मग पुढचं बोलू. आधीचे आठ जण आठ कविता घेऊन आले आणि पोहे खाऊन परत गेले.

आता चौसाळ्यात ठिबकच्या नळ्या विकणाऱ्या माणसाला देरमां कुठून ठाऊक असणार? मोबाईलवर शोधलं तर एक फुटबॉल खेळणारा निघाला अन् एक अत्तर निघालं. आपलंच स्पेलिंग चुकलं असणार, म्हणून त्यानं तो नाद सोडला. पोरीचा नाद मात्र काही सुटेना. दिवाळीच्या आधी तिनं दुकानात येऊन फुटकी नळी काउंटरवर आपटली होती आणि अर्धा तास भांडली होती. त्या अर्ध्या तासात गडी कामातून गेला. लग्न करीन तर हिच्याशीच, असं त्यानं आईला सांगून टाकलं.

मग काय, गाठलं मतीन मिस्त्रीला. मतीन दिवसभर ट्रॅक्टरखाली आणि सांजच्याला मुशायऱ्यात.

"देरमां? वाचलाय की!" पाना पुसत मतीन म्हणाला. "लई नाजूक लिहायचा बे. उद्या ये, तयार ठेवतो."

तीच कविता आता खिशात होती.

"मी तर लग्नाच्या आधीपासून वाचतोय देरमांला," सुंदरराव मिशीवर हात फिरवत म्हणाले. पंचायत समितीत दोन वेळा निवडून आलेला माणूस, घरातसुद्धा सभेत बोलल्यासारखा बोलायचा. "भाषणात बी त्याच्या दोन ओळी टाकायचो. टाळ्या पडायच्या!"

"आमच्याकडं तर सगळं घरच देरमांचं भक्त," त्रिंबकमामांनी ठोकून दिलं. हे गहिनीनाथचे सख्खे मामा. मागं हटणं त्यांच्या रक्तातच नव्हतं. "देव्हाऱ्यात फोटो ठेवायचा तेवढा राहिलाय बघा."

तेजश्रीची आई विजयमालाबाई दारात उभ्या होत्या. त्यांनी पदर तोंडाला लावला आणि चहा बघायला म्हणून त्या आत गेल्या.

तेजश्री येऊन समोर बसली. बीडला क्लासमध्ये शिकवणारी पोरगी, तिला लाजणंबिजणं जमत नव्हतं.

"म्हणा," ती म्हणाली.

गहिनीनाथनं घडी उलगडली.

"ज्या वाटेनं ती गेली, त्या वाटेला विचारा,
धूळ खाली बसली का, अजून उडतेच आहे."

अशा आणखी सहा ओळी होत्या. मतीननं जीव ओतला होता.

"वाहवा!" सुंदररावांनी मांडीवर थाप मारली. "हुबेहूब देरमां!"

"छान आहे," तेजश्री म्हणाली. "त्याची कुठली कविता वाचून सुचली?"

मामांनी टेबलाखालून पाय दाबला. म्हणजे, काहीही ठोक. आणि ठोकायला काय लागतं? पण गहिनीनाथनं तिच्याकडं बघितलं. आज ही कविता विचारतेय, उद्या पुस्तक विचारील. जन्मभर हिच्यापुढं देरमांचं सोंग घेऊन बसायचं? त्यापेक्षा आत्ताच काय व्हायचं ते होऊ दे.

"कुठलीच न्हाई," तो म्हणाला. "तो कवी मला ठाऊकच न्हाई. कविता बी माझी न्हाई, मतीन मिस्त्रीनं लिहून दिली. मला तुमच्याशी लगीन करायचंय, म्हणून आणली. तेवढं मात्र माझं सोताचं हाय."

मामांनी बशी खाली ठेवली.

"अहो पाव्हणं!" सुंदरराव कडाडले. "एवढ्या मोठ्या माणसाच्या नावावर असली फसवाफसवी?"

तेजश्री उठली आणि आत निघून गेली.

झालं, संपलं सगळं. गहिनीनाथनं उठून कागदाची घडी घातली. ती काही केल्या नीट बसेना. मामा चपला शोधायला लागले, शोधता शोधता "तोंड हाय का भोंगा" म्हणून भाच्याला शिव्याही घालत होते. सुंदरराव मध्यस्थाला फोन लावत होते. इतक्यात आतून हसू ऐकू आलं. मायलेकी पोट धरून हसत होत्या.

तेजश्री बाहेर आली ती साखरेची वाटी घेऊनच.

"बसा," ती गहिनीनाथला म्हणाली. "निघालात कुठं? बाबा, माझं ठरलं."

गहिनीनाथ हसत खाली बसला.

"अगं पण!" सुंदररावांच्या हातातला फोन तसाच राहिला. "देरमां न वाचलेला जावई? माझ्या घरात?"

"आवो, त्या नावाचा कवी कधी झालाच न्हाई," मागून आलेल्या विजयमालाबाई म्हणाल्या. "मला बघायला पाव्हणे यायचे, तवा मीच काढलतं ते नाव. जो येईल तो वाचलाय, वाचलाय म्हणायचा. तुमी तर चार ओळी पाठ म्हणून दाखवल्यात."

सुंदररावांनी फोन खिशात घातला.

"मग मला हो कशापायी म्हणलीस?"

"काय करणार?" विजयमालाबाई त्यांच्या हातावर साखर ठेवत म्हणाल्या. "माझ्या वक्ताला खरं बोलणारा एक बी आला न्हाई."