कागदी कोट

हनोईच्या या थंडीत आमच्या दारासमोरच्या फुटपाथवर बेघर थोआआजी गोणपाटावर कुडकुडत बसते, आणि वारलेल्या सासऱ्यांचा लोकरी कोट कपाटात नुसता लटकतोय. तिला देऊन टाकू म्हटलं, तर सासूबाई अंगावरच आल्या.

"मेलेल्याचा कोट जिवंत माणसाला? शिकलीस ती अक्कल कुठे गहाण टाकलीस? ते तिकडे गारठतील आणि इकडे तुझं पोर तापाने फणफणेल!"

पोराचं नाव निघालं, तशी मी कपाटाचं दार लावून टाकलं.

आज सासऱ्यांचं वर्षश्राद्ध. त्यांना तिकडे ऊब पोचावी म्हणून सासूबाईंनी कागदी कोटांचा गठ्ठा आणला आणि रीतीप्रमाणे दारात एक जाळला. समोर जिवंत माणूस गारठतोय आणि आम्ही कोटांची राख करतोय! मी नुसती धुसफुसत होते. जाळ बघून थोआआजी सरकत जवळ आली, तिने हात शेकायला पुढे केले. आता सासूबाई तिला हाकलणार, म्हणून मी मध्ये पडायला गेले.

सासूबाईंनी मलाच मागे ओढलं.


"आत जा, उरलेला सगळा गठ्ठा घेऊन ये. तुझ्या सासऱ्यांना आज जरा जास्तच थंडी वाजतेय."