तिसरी किल्ली

टक्! आवाज झाला आणि तिने मागे वळून पाहिलं. गाडीच्या चारही दारांना कुलूप लागलं होतं. आत, मागच्या सीटवर, पट्ट्याने बांधलेलं तिचं नऊ महिन्यांचं बाळ होतं आणि बाळाच्या तोंडात गाडीची किल्ली.

चूक तिचीच. सीटचा पट्टा लावताना पठ्ठ्या घसा फाडून रडायचा आणि किल्ली हातात पडली की गप्प व्हायचा. घरी खेळण्यांचा ढीग, पण साहेबांना किल्लीच हवी! आजही तिने ती दिली, मागचं दार लावलं आणि पुढे बसायला वळली. तेवढ्यात त्याच्या हिरड्यांखाली नेमकं कुलपाचं बटण आलं.

ऊन अगदी डोक्यावर होतं. तिने एकेक दार ओढून पाहिलं, काचेवर थापट्या मारल्या. बाळाला खेळ वाटला, ते हसलं. मग घामाघूम झालं, लालबुंद झालं आणि रडू लागलं. दुसरी किल्ली नवऱ्याच्या खिशात, आणि नवरा परगावी. बघता बघता गर्दी जमली. जितकी तोंडं तितके सल्ले. कुणी म्हणे तार घाला, कुणी म्हणे पट्टी घाला. समोरचा औषधवाला काच फोडायला हातोडी आणायला धावला.

आणि तिला काका आठवले.

काका तिच्या नात्यातले नव्हेत. दोन महिन्यांपूर्वी ही गाडी त्यांनीच तिला विकली होती. माणूस मोठा काटेकोर. विकताना पायपुसणी काढली, कागदी रुमालांचा डबा काढला, आरशाला लटकणारं कापडी माकडसुद्धा सोडवून नेलं. मग दोन्ही किल्ल्या तिच्या हातावर ठेवून म्हणाले, "बघून घ्या, ताई. आता गाडीत माझं काही उरलं नाही." जीव मात्र उरला होता. लेक सासरी दिल्यासारखे ते अधूनमधून फोन करायचे. मागच्या आठवड्यात म्हणाले, "डाव्या चाकात हवा कमी असेल, बघा बरं." पाहिलं तर खरंच कमी! "याला म्हणतात अनुभव," नवरा म्हणाला होता.

तिने फोन लावला.

"काका, बाळ आत अडकलंय! किल्ली पण आतच आहे! बाहेरून उघडायची काही युक्ती आहे का हो?"

"घाबरू नका. फोन चालू ठेवा."

पलीकडे ताट सरकवल्याचा आवाज आला. इकडे औषधवाल्याने हातोडी उगारली. "बाजूला व्हा, बाजूला!" तो ओरडला.

टक्!

कुलूप उघडलं. पाठोपाठ गाडी आपोआप सुरू झाली आणि आत गार वारा वाहू लागला. क्षणभर कुणालाच काही कळेना. औषधवाल्याचा हात वरच्या वर राहिला. मग एकच गलका झाला! तिने बाळाला ओढून बाहेर काढलं, पटापट मुके घेतले, हसली, रडली, पुन्हा हसली. कुणी पाणी आणलं, कुणी टाळ्या वाजवल्या. एका आजीबाईंनी तर काकांना न बघताच शंभर वर्षांचं आयुष्य देऊन टाकलं. बाळाने मात्र तोंडातली किल्ली काढून घेतल्याबद्दल भोकाड पसरलं.

"काका, अगदी देवासारखे धावून आलात!" ती फोनवर म्हणाली.

"अहो, धावतोय कुठला! घरी जेवत बसलोय. गाडीचं ते ॲप आहे ना, ते माझ्या फोनमध्ये तसंच राहिलंय. गाडी उघडा, कुलूप लावा, सुरू करा, सगळं बसल्या जागी. बरं झालं ना काढलं नाही ते?"

"फार बरं झालं, काका! तुमचे उपकार कसे फेडू?"

"उपकार कसले! पण काय हो ताई, आज अशी भर उन्हात का लावलीत गाडी? दर मंगळवारी कशी छान तळ्याकाठी लावता, पार संध्याकाळपर्यंत. तिथे गारवा असतो."

तिचं हसू ओठांवरच थिजलं. तळ्याकाठी तिची आई राहायची. हे तिने काकांना कधीच सांगितलं नव्हतं. डाव्या चाकातली हवा तिला आता आठवली.

"तुम्ही जेवून घ्या, काका," ती कशीबशी म्हणाली आणि तिने फोन बंद केला.

बाळाची पिशवी खांद्याला अडकवून तिने गाडीचं दार लोटलं. "अहो, पायी कुठे निघालात? गाडी सुरू आहे ना!" औषधवाला म्हणाला. ती बाळाला छातीशी घट्ट धरून चालू लागली.

थोडी पुढे गेली असेल नसेल, तोच मागे गाडी आपोआप बंद झाली आणि टक् करून कुलूप लागलं.

किल्ली तिच्या मुठीत होती.